हेडमास्तरांच्या कबरीतली बाई

१

शवपेटीत हेडमास्तर नव्हते.

लिथारी बेटावरच्या दफनभूमीत सप्टेंबरातल्या त्या सकाळी मोजकी माणसं उभी होती. हेडमास्तर अरिस्तिदिस वर्दास यांच्या कबरीवर पालिकेच्या खर्चानं संगमरवरी स्मारक व्हायचं होतं. पाया खणायचा तर आधी मयताची हाडं वर काढून, वाइननं धुऊन पेटीत ठेवायला हवीत. पुरून तीन वर्षं उलटली की बेटावर सगळ्यांचं हेच होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नगराध्यक्ष मनुसोस काळा कोट चढवून आले होते. पाद्री याकोवोस यांनी धूपदान पेटवलं होतं. हवालदार झिसिस सरूच्या झाडाखाली सावली धरून उभा होता, आणि पालिकेच्या सचिव असिमिनाबाई बगलेत नोंदवही घेऊन कडेला थांबल्या होत्या. हेडमास्तरांची विधवा पोलिक्सेनी तेवढी आली नव्हती. गुडघे धरलेत, तुम्हीच उरका, असा तिचा निरोप होता.

थडगी खोदणारा लुकास खड्ड्यात उतरला. त्यानं कुजलेल्या फळ्या बाजूला केल्या. आत हाडं दिसली, काळा सूट दिसला, त्याच्या छातीवर पालिकेचं पदक दिसलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली. दाखल्यावर सही करायला आलेल्या डॉक्टर नेफेली गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी एक हाड उचललं आणि ते उलटसुलट करून इतका वेळ पाहत राहिल्या की प्रार्थना मध्येच थांबली.

"हे कमरेचं हाड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ते पुरुषाचं नाही."

मनुसोस हसले. मग आपण एकटेच हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी न बोलता आणखी एक हाड वर धरलं. उजव्या हाताचं, मनगटापाशी मोडून वाकडंच सांधलेलं. असिमिनाबाईंच्या बगलेतली वही निसटून मातीत पडली. तो वाकडा हात त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. डोंगरावरच्या वाडीत अडलेल्या एका बाळंतिणीकडे निघालेली बाई वादळात खेचरावरून पडली, हात मोडला, आणि तशाच मोडल्या हातानं तिनं ते मूल सोडवलं. बेटावर ही गोष्ट ठाऊक नसलेलं माणूस नव्हतं.

"ही स्तामाता आहे," असिमिनाबाई म्हणाल्या. "आपली सुईण."

पाद्रीबुवांच्या हातातलं धूपदान हलायचं थांबलं. लुकास खड्ड्यात मान खाली घालून उभा होता. आणि असिमिनाबाईंना एक कागद आठवला. स्तामाताला कुणी वारस नव्हता. तिची तीन वर्षं भरल्यावर, याच एप्रिलात, तिची हाडं दफनभूमीतल्या बेवारशांच्या कोरड्या विहिरीत टाकावीत असा आदेश निघाला होता. त्या आदेशावर सही त्यांची स्वतःची होती, आणि खाली लुकासनं लिहिलं होतं: काम झालं.

२

दुपारपर्यंत बातमी बंदरापर्यंत पोहोचली. कॉफीच्या दुकानात पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते उलटे टाकले. तीन वर्षांपूर्वी हेडमास्तर गेले तेव्हा सगळं बेट त्यांच्यामागे चाललं होतं. शेजारच्या बेटावरून बँड आला होता, राजधानीतून मंत्री आले होते, शाळा बंद होती, बोटींचे झेंडे अर्ध्यावर होते. हे सगळं पालिकेच्या खर्चानं. आपण मग रडलो कुणासाठी, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं.

नगराध्यक्षांच्या खोलीत हवालदार झिसिसनं आपला तर्क मांडला. तो मुख्य भूमीवरचा, बेटावर येऊन त्याला जेमतेम वर्ष झालेलं. त्याच्या मते पेट्यांची अदलाबदल अंत्यविधीच्याच दिवशी झाली असणार, आणि थडगी खोदणारा सामील असल्याशिवाय हे शक्य नाही. लुकासला आताच आत टाकू, दोन तासांत बोलेल.

असिमिनाबाई सव्वीस वर्षं त्या खोलीत इतिवृत्तं लिहीत आल्या होत्या. विचारल्याशिवाय तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती. पण लुकासचं नाव निघालं तसं त्यांना राहवलं नाही.

"त्या दिवशी अदलाबदल झालीच नाही, हवालदार," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये पेटी उघडी होती. चारशे माणसांनी हेडमास्तरांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, त्यात मीही होते. झाकण आमच्यासमोर लागलं, आणि माती पडेपर्यंत पेटी आमच्या डोळ्यांआड झाली नाही."

"मग बाई आत शिरली कशी?"

"सूट बघितलात तुम्ही? गुंड्या लावलेल्या होत्या. माणूस सूटसकट पुरला तर हाडं सूटच्या आत सापडायला हवीत. ही सगळी सूटच्या वर ठेवलेली होती, नीट रांगेनं. शिवाय हाडांवर जांभळी झाक आहे. कुणीतरी ती वाइननं धुतली आहेत. म्हणजे स्तामाताला आधी तिच्या जागेतून काढलं, धुतलं, आणि मग इथे आणलं. तिला काढलं एप्रिलात. जे काही झालं ते एप्रिलात किंवा त्यानंतर."

मनुसोस यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, शुक्रवारी सभा आहे. स्मारकाच्या खर्चाचा ठराव त्याच सभेत यायचा आहे. तोवर कुणी केलं ते कळलं तर ठीक, नाहीतर लुकासला सरकारी वकिलाकडे पाठवावं लागेल. थडग्याची विटंबना म्हणजे तुरुंग.

दार ओढून घेताना त्यांनी हळूच विचारलं, "असिमिनाबाई, सुईण जर तिथे होती, तर हेडमास्तर कुठे आहेत?"



३

लुकास घराच्या पायरीवर भोपळ्याच्या बिया सोलत बसला होता. बाईंना पाहून तो उठला, पुन्हा बसला. हातावर हात ठेवून त्यानं सांगितलं की तो काही सांगणार नाही.

"तुला आत टाकतील रे. तीन पोरी आहेत तुला."

"तिन्ही तिच्याच हातावर झाल्या, बाई," तो म्हणाला. "धाकटीच्या गळ्याभोवती नाळ होती. मला विचारू नका. मी काही पैसे घेतले नाहीत, एवढं लिहून घ्या."

म्हणजे खणलं त्यानंच. पण कुणाच्या सांगण्यावरून? लुकास स्वतःहून असलं काही करणारा माणूस नव्हता. दगड हलवायचा तरी तो पालिकेत येऊन विचारायचा.

पाद्री याकोवोस भडकलेलेच होते. स्तामाताचा अंत्यविधी पालिकेनं करावा म्हणून अर्ज घेऊन तेच गेले होते, आणि हात हलवत परतले होते. तिला भिंतीकडेच्या मातीत साध्या फळ्यांत पुरलं, त्या दिवशी वाऱ्यानं मेणबत्त्या टिकल्या नाहीत, हे सांगताना त्यांची दाढी थरथरत होती. हाडं हलवायची असती तर दिवसाढवळ्या, धूप लावून, अख्ख्या गावादेखत हलवली असती, असं ते म्हणाले. असिमिनाबाईंना ते पटलं. पाद्रीबुवांना गुपचूप काही करणं आयुष्यात जमलं नव्हतं.

औषधांच्या दुकानात फानुरिस गोळ्या मोजत होता. पालिकेतला विरोधी सदस्य, जिभेला धार. स्मारकाची गोष्ट निघाली तेव्हा भर सभेत तो म्हणाला होता, 'आधी आत कोण आहे ते बघून घ्या.' हवालदारानं ते वाक्य कुठून तरी ऐकलं होतं आणि आता त्याच्या दृष्टीनं फानुरिस दुसऱ्या क्रमांकाचा गुन्हेगार होता.

"मी टोमणा मारला," फानुरिस म्हणाला. "मला म्हणायचं होतं, तुम्ही समजता तेवढा मोठा माणूस आत आहे का ते बघा. टोमणा खरा ठरेल हे मला काय माहीत?"

"सुईणीच्या वेळी तू कुठल्या बाजूनं होतास?"

गोळ्या मोजणारा हात थांबला. "विरुद्ध. हेडमास्तरांच्या वेळीही विरुद्ध. दवाखान्यात क्ष-किरणाचं यंत्र नाही आणि आपण मेलेल्यांना बँड लावतो. सार्वजनिक पैसा जिवंतांसाठी असतो, हे माझं म्हणणं आजही आहे. पण तिच्या वेळी पाच विरुद्ध पाच झालं, असिमिना. माझं एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर..." त्यानं गोळ्यांची बाटली बंद केली. मग म्हणाला, "शेवटचं मत अध्यक्षांचं होतं. तुला आठवत असेल."

असिमिनाबाईंना आठवत होतं. सभेचे अध्यक्ष तेव्हा हेडमास्तरच होते. आज सुईण, उद्या पाववाला, परवा गाढवं हाकणारा, हे कुठवर पुरं पडायचं, असं ते म्हणाले आणि त्यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. पण त्याच्याही आधी काहीतरी झालं होतं. मत टाकण्याआधी ते असिमिनाबाईंकडे वळले होते आणि त्यांनी एक प्रश्न विचारला होता. तेव्हा तो साधा वाटला होता. आता त्या दुकानात उभ्या असताना तो कानात पुन्हा वाजला.

त्या काही न घेताच दुकानातून बाहेर पडल्या आणि थेट पालिकेच्या दप्तरखोलीत गेल्या.

४

इतिवृत्त त्यांच्याच अक्षरातलं होतं. तीन वर्षांपूर्वीची २९ जानेवारी. अध्यक्षांनी विचारलं: मान्यवरांच्या अंत्यविधीसाठी यंदाच्या तरतुदीत किती जणांचं बसेल? सचिवांनी उत्तर दिलं: एकाचं.

खाली मतदान. त्याखाली, पाच आठवड्यांनी, त्या एका अंत्यविधीचा ठराव.

वही मिटून त्या डॉक्टर नेफेलींकडे गेल्या. डॉक्टर आधी तयार नव्हत्या. रुग्णाचं गुपित मेल्यावरही गुपितच, असं त्यांनी सांगितलं. असिमिनाबाईंनी फक्त एक तारीख मागितली. हेडमास्तर अथेन्सहून तपासण्या करून कधी परतले? जानेवारीच्या आधी की नंतर?

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक जुनी फाइल काढली.

"बावीस जानेवारीला," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांहून जास्त नाहीत, हे त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला शपथ घातली, बायकोलाही कळता कामा नये."

 बेटाला वाटत होतं हेडमास्तर अचानक गेले. ते अचानक गेले नव्हते. त्या दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण मरणार हे ठाऊक होतं, अंत्यविधी एकच बसतो हे त्यानं सगळ्यांसमोर विचारून घेतलं होतं, आणि मग त्यानं हात वर करून स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस. असिमिनाबाईंनाही त्यानंच गिरवायला शिकवलं होतं.

ही गोष्ट आणखी कुणाला कळली असेल? आणि कळल्यावर कुणाला इतकं लागलं असेल?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीत मिळालं. उघड्या कबरीच्या कडेला, काढून ठेवलेल्या मातीत, रोझमेरीचं एक रोप आडवं पडलं होतं. वीतभर उंचीचं. असिमिनाबाईंनी दप्तरखोलीतून आणलेला मार्चमधला फोटो पर्समधून काढला. तिसऱ्या वर्षश्राद्धाला उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन सगळे कबरीभोवती उभे होते, आणि मध्ये रोझमेरीचं झुडूप होतं, कमरेएवढं, फुलांनी भरलेलं. म्हणजे मार्चनंतर ते झुडूप कुणीतरी उपटलं आणि जागी नवं रोप लावलं.

आणि पोलिक्सेनी दर शनिवारी इथे येते. समईत तेल घालते, रोपाला पाणी देते. तिच्या नवऱ्याच्या कबरीवरचं मोठं झुडूप गायब झालं, माती खालीवर झाली, आणि त्या बाईनं ना लुकासला जाब विचारला, ना पालिकेत येऊन तक्रार केली. पाच महिने ती त्या वीतभर रोपाला पाणी घालत राहिली.

गुडघ्यांमुळे ती आली नाही, हे खरं नव्हतं. उघडल्यावर काय दिसणार हे तिला ठाऊक होतं.

५

पोलिक्सेनी अंगणात रानभाजी निवडत होती. असिमिनाबाईंना पाहून ती हसली नाही की दचकली नाही. ये, बस म्हणाली, आत जाऊन कॉफी उकळून आणली, बशीत चमचाभर मोसंबीचा मुरांबा ठेवला. पाहुणा कितीही वाईट बातमी घेऊन आला तरी हे चुकायचं नाही.

असिमिनाबाईंनी सगळं मांडलं. सूट, वाइन, रोझमेरी. मग आवाज खाली आणून त्यांनी ती सभा सांगितली, तो प्रश्न सांगितला, बावीस तारीख सांगितली. तुम्हाला हे कुठूनतरी कळलं असावं, त्या म्हणाल्या, आणि रागाच्या भरात तुम्ही लुकासला गाठलंत.

पोलिक्सेनीनं भाजीची जुडी बाजूला ठेवली.

"सगळं बरोबर आहे तुझं. फक्त रागाचं चुकलं."

तिनं अंगणाचं दार लोटून घेतलं. मग सांगायला लागली. मरायच्या तीन दिवस आधी, दुपारी, नवऱ्यानं तिला जवळ बोलावलं. म्हणाला, पोलिक्सेनी, मी एका मेलेल्या बाईची जागा चोरलीय. तिला वाटलं तापात बरळतोय. पण त्यानं एकेक करून सगळं सांगितलं, शाळेत धडा समजावतात तसं. सभेत बसलो होतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त बँड दिसत होता, म्हणाला. लोक दिसत होते. तिचं तोंड दिसलंच नाही. नंतर रोज तेच दिसतं.

"मला म्हणाला, पालिकेला नको म्हणून सांग. वाजंत्री नको, मंत्री नको. मला तिच्या जागी पुर आणि माझ्या जागी तिला. मी हो म्हणाले." तिनं हात मांडीवर पुसले. "रविवारी सकाळी तो गेला. दुपारपर्यंत मनुसोस ठराव घेऊन दारात. रडत होता बिचारा, खरं रडत होता. मंत्र्यांना फोन गेला होता, बँड बोटीत बसला होता. मी तोंड उघडलं, आणि काय म्हणाले माहीत आहे? आभारी आहे म्हणाले. चाळीस वर्षं मोठ्या माणसाची बायको होते ना. त्या क्षणी मलाही तो बँड हवा होता."

आतून मांजर आलं आणि तिच्या पायांशी बसलं. तिनं ते दूर केलं नाही.

मग तिनं वाट पाहिली. देहाची अदलाबदल तिच्या आवाक्यातली नव्हती. हाडं व्हायला तीन वर्षं लागतात. एप्रिलात स्तामाताला काढायचा आदेश निघाला तेव्हा ती लुकासकडे गेली. तो आधी घाबरला. मग कुणासाठी आहे हे कळल्यावर फावडं घेऊन निघाला. रविवार होता, पामच्या फांद्या वाटतात तो सण, सगळं गाव चर्चमध्ये. त्या दोघांनी दोन्ही कबरी उघडल्या. सूट तिनं तसाच राहू दिला, गुंड्या लावून. दोघांची हाडं तिनं स्वतःच्या हातांनी धुतली, एकाच घमेल्यात नाही, दोन वेगवेगळ्या.

"आणि हेडमास्तर?" असिमिनाबाईंनी विचारलं. "ते कुठे आहेत, पोलिक्सेनीबाई?"

म्हातारीनं त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"सांगितलं ना. तिच्या जागी. तुम्ही तिला जिथे टाकायचं ठरवलं होतंत तिथे."

असिमिनाबाईंनी कप खाली ठेवला. बेवारशांच्या विहिरीत तळाला चुना असतो. तिथे गेलेलं कुणाचं काही पुन्हा ओळखता येत नाही.

"एकेक हाड धरून सोडलं," पोलिक्सेनी म्हणाली. "आवाज येत होता खालून. तो ऐकायची शिक्षा माझी होती. तू सगळं लिही, पोरी. मला सोडवायला म्हणून काही गाळू नकोस. फक्त लुकासला सांभाळ."

६

शुक्रवारच्या सभेआधी मनुसोस यांनी अहवाल वाचला.  हेडमास्तर त्यांचे गुरू होते, राजकारणातही आणि शाळेतही. बाकीचं राहू द्या, त्यांनी विनवलं, पण तो प्रश्न तेवढा काढा. एकाचंच बसतं, तेवढं वाक्य. मेलेल्या माणसाला काय त्रास द्यायचा.

असिमिनाबाई म्हणाल्या, ते वाक्य तीन वर्षांपूर्वीच इतिवृत्तात गेलेलं आहे. आपण सगळे तिथे बसलो होतो.

सभागृह माणसांनी भरून गेलं होतं. पोलिक्सेनी पहिल्या बाकावर बसली होती, तिच्या शेजारी लुकास, टोपी मांडीवर. असिमिनाबाईंनी अहवाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. त्या वाक्यापाशी आल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघत नव्हते. पाद्रीबुवांनी डोळे मिटले होते. फानुरिस इतक्या वर्षांत पहिल्यांदा टोमणा न मारता बसला होता.

हवालदार झिसिसनं सांगितलं की तक्रार असेल तरच खटला. हेडमास्तरांच्या बाजूनं विधवेची तक्रार नाही. सुईणीला नातेवाईक नाहीत. उरली पालिका. मनुसोस उठले आणि त्यांनी विषय मांडला: पालिकेनं तक्रार करावी काय, आणि सदर स्त्रीची हाडं त्या जागेतून हलवावीत काय. 

असिमिनाबाई उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत वाचनाशिवाय त्या सभागृहात उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मतदानाआधी मला एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या हातावर जन्मलेले इथे किती जण आहेत? मी एक."

त्यांनी स्वतःचा हात वर केला.  मग फानुरिसचा हात वर गेला, मग दुसऱ्या बाजूच्या दोघांचे, मग सगळी रांग. मनुसोस यांचा हात त्या सगळ्यांनंतर आणि फार सावकाश वर आला. अकरावा सदस्य मुख्य भूमीवर, पिरेअसला जन्मलेला होता. माझे दोन्ही मुलगे, असं पुटपुटून त्यानंही हात वर केला.

"हे मतदान नव्हे," मनुसोस म्हणाले. पण हात त्यांनी खाली घेतला नव्हता.

"मग घ्या मतदान," फानुरिस म्हणाला. "ज्याला तक्रार करायची असेल त्यानं हात खाली घ्यावा. आणि असिमिना, हेही लिही: दगडाला पालिकेचा छदाम लागणार नाही. ना तिच्या, ना पुढे कुणाच्या. ज्याला द्यायचं त्यानं खिशातून द्यावं. पहिला मी देतो."

एकही हात खाली आला नाही. असिमिनाबाईंनी लिहून घेतलं: तक्रार नाही. स्तामाता आहे तिथेच राहील. एकमतानं. लुकासला परवानगीशिवाय कबर उघडल्याबद्दल तीन महिने कचऱ्याच्या गाडीवर पाठवायचं ठरलं, आणि त्यानं ते मान हलवून मान्य केलं. पोलिक्सेनीनं काहीच मागितलं नाही. नवऱ्यासाठी विहिरीजवळ एखादी पाटी तरी लावू, असं पाद्रीबुवांनी सुचवलं, तेव्हा ती नको म्हणाली.

संगमरवराचा कारागीर इतका वेळ दारात उभा होता. स्मारकाचा दगड त्यानं आधीच कापून आणला होता. त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, नाव काय कोरायचं?

"स्तामाता," मनुसोस म्हणाले.

"ते झालं. आडनाव?"

मनुसोस यांनी फानुरिसकडे पाहिलं. फानुरिसनं पाद्रीबुवांकडे. पाद्रीबुवांनी ओठ हलवले, मग मान खाली घातली. लोकांमधून कुजबुज उठली, एकमेकांना विचारणं सुरू झालं आणि हळूहळू विरत गेलं. असिमिनाबाईंनी घाईनं जुनं इतिवृत्त उघडलं. तिथे लिहिलं होतं: स्तामाता, सुईण. एप्रिलातला आदेश काढला. स्तामाता, सुईण. दोन्ही अक्षरं त्यांचीच.

पोलिक्सेनीनं तोंडावर पदर दाबावा तसा रुमाल दाबला होता. तिलाही माहीत नव्हतं.

कारागीर पेन्सिल धरून थांबला होता. सगळी सभा असिमिनाबाईंकडे बघत होती, जणू त्यांनी तरी सांगावं. त्यांनी वही मिटली, खुर्ची मागे सारली आणि जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी कपाटं होती त्या तळमजल्यावरच्या खोलीची किल्ली खुंटीवरून काढली. त्या जिना उतरून जाईपर्यंत सभागृहातलं कुणीही जागचं हललं नाही.